स्वतःला काय म्हणवाल? विक्काच्या वाटेवर शब्द निवडताना

पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून मला अधूनमधून निरोप येतात. बहुतेक मुलींचे, कधी एखाद्या मुलाचा. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो: "ताई, मी विक्कन की विच की पेगन? आणि घरी काय सांगू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकदा नीट मांडते.

मी मूळची मिरजेची. आता लीड्सला असते, इस्पितळाच्या फार्मसीत नोकरी करते. बराच काळ एकटीनेच साधना केली, मग अलेक्झांड्रियन परंपरेच्या एका कव्हनमध्ये माझी पहिली दीक्षा झाली. कव्हन म्हणजे एकत्र पूजा करणारा, एकमेकांना शिकवणारा छोटा गट. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडात उभा राहिलेला धर्म. त्याला सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, पीठ नाही, कुणी धर्मगुरू वरून आज्ञा काढत नाही. त्यामुळे आपण कोण आणि काय करतो हे आपल्या तोंडच्या शब्दांवरूनच ठरतं. कुठलाही शब्द उचलण्याआधी मी दोन गोष्टी बघते. तो आला कुठून, आणि समोरच्याच्या कानात शिरल्यावर त्याचं काय होणार. बाकीचं सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं.

आधी तीन नावं वेगळी करा

पेगन हा सगळ्यांत मोठा शब्द, निसर्गाला आणि ख्रिस्ती धर्माआधीच्या देवांना मानणाऱ्या सगळ्यांसाठी. त्यात ड्रुइड (जुन्या केल्टिक पुजाऱ्यांची वाट धरणारे) येतात, हीदन (उत्तर युरोपातले जुने देव मानणारे) येतात, विक्कन येतात आणि कुठलंच नाव न लावणारेही येतात. विक्का हा त्यातला एक धर्म. देवी आणि शिंगधारी देव, वर्षातले आठ सण, पौर्णिमेचे मेळावे, वर्तुळ आखून त्याच्या आत केलेली पूजा, हे त्याचं ढोबळ रूप. विचक्राफ्ट ही मंत्रांची, जादूची विद्या. ती करणारा, म्हणजे विच, कुठल्याही धर्माचा असू शकतो, नास्तिकही असू शकतो. तुम्ही मेणबत्ती लावून मंत्र करत असाल, टॅरो बघत असाल, पण देवी-देव आणि सण यांच्याशी तुमचा काही संबंध नसेल, तर "मी विचक्राफ्ट करते" हे खरं आणि "मी विक्कन आहे" हे खोटं. यात कमीपणा काहीच नाही. जे करता त्याचं नाव घ्या.

विक्का हे नाव लोकांपुढे आलं ते जेराल्ड गार्डनरमुळे. हा इंग्रज गृहस्थ (१८८४–१९६४) मलायात जकात खात्यात होता. १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. पुढे न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कव्हनने आपल्याला दीक्षा दिली, असं त्याने सांगितलं. इंग्लंडमधला १७३५ चा विचक्राफ्टचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यात तो "विका" असा एका 'सी'चा शब्द वापरतो, आणि तोही धर्मासाठी नाही, माणसांसाठी. धर्माचं नाव म्हणून विक्का रुळला तो साठच्या दशकात. जुन्या इंग्रजीत हा शब्द होताच, पण उच्चार "विच्चा"च्या जवळचा, आणि अर्थ जादू करणारा पुरुष. "विक्का म्हणजे शहाणपण" असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. भाषेचे अभ्यासक त्याला दुजोरा देत नाहीत. कुणी विचारलं तर ते सांगू नका. आपला धर्म विसाव्या शतकात उभा राहिला, हे सरळ सांगावं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रोनाल्ड हटन यांनी त्याचा इतिहास इतक्या बारकाईने मांडला आहे की आता "हजारो वर्षांची अखंड परंपरा" हे शब्द जाणत्या विक्कनांच्या तोंडी क्वचितच येतात.

घराण्याचं नाव लावायचं कधी

गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन ही दोन नावं नवखी माणसं फार लवकर लावतात. पहिलं गार्डनरवरून, दुसरं अलेक्स सँडर्स या इंग्रज विक्कनावरून. या दोन्ही परंपरांत दीक्षा माणसाकडूनच माणसाला मिळते आणि ती कुणाकडून कुणाला गेली याची साखळी सांगता यावी लागते. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी ऐकून कुणी कितीही सुंदर गायला लागलं, तरी गुरूपुढे बसल्याशिवाय तो स्वतःला किराणा घराण्याचा म्हणवत नाही. पुस्तकं वाचून, मनापासून साधना करणाऱ्याला "सॉलिटरी" म्हणतात, म्हणजे एकटा साधक. अनेक ठिकाणचं घेऊन स्वतःची पद्धत बांधणारा "एक्लेक्टिक". शिकायला गुरू शोधणारा "सीकर". हे तिन्ही मानाचे शब्द आहेत. अमेरिकेत रेमंड बकलँडने साठच्या दशकात गार्डनेरियन विक्का नेला, आणि दोनच दशकांत तिथे एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तकं निघाली. आज जगात सर्वांत जास्त विक्कन बहुधा असेच एकटे आहेत.

पुरुष विक्कनासाठी "वॉरलॉक" वापरू नका. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शपथ मोडणारा असा आहे, आणि पुष्कळांना तो शिवीसारखा लागतो. बाई असो की पुरुष, विच म्हणायचं तर विचच.

मराठीत "चेटकीण" का नको

इथे मी जरा थांबणार आहे.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात स्त्रीवादी बायकांनी "विच" हा शब्द मुद्दाम अंगावर घेतला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला झुझ्झाना बुडापेस्ट यांनी फक्त बायकांचं कव्हन काढलं. जो शब्द बायकांना चिरडायला वापरला, तोच कपाळावर लावून उभं राहायचं, ही त्यामागची भावना. मला ती कळते आणि तिचा मान आहे. तेच बघून आता मराठी मुली टोपणनावात "चेटकीण" लावतात, "डाकीण" लावतात. ते मला पटत नाही, आणि का ते सांगते.

सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिचं गावात राहणं मुश्कील होतं. मूल आजारी पडलं, गुरं दगावली, की बोट तिच्याकडे. बहुतेकदा ती विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर जमीन असते. मारहाण होते, जीवही जातो. झारखंडात यासाठी २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं पसरवून तिचं जगणं अवघड करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

लीड्समध्ये मी कॅफेत बसून "आय ॲम अ विच" म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस फार तर वळून बघेल. धडगावच्या बाईला तो शब्द कुणी दुसरा लावतो, आणि तो लागला की पुसता येत नाही. तिच्यासाठी तो शब्द अजून शोभेचा झालेला नाही. तो झाल्यासारखं वागायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. म्हणून मराठीत बोलताना मी "विक्कन" म्हणते किंवा "मी विक्का मानते" म्हणते. इंग्रजीत "विच" चालेल. मराठीत चेटकीण, डाकीण, हडळ यातलं काहीही नको, गंमत म्हणूनही नको. करणी, भानामती, मूठ मारणे हे शब्द विक्कातल्या कशालाही लावू नका. ज्यांना ते लागू व्हायचे त्यांचं ते भय आहे, आपला धर्म नाही.

याचीच दुसरी बाजू. "बर्निंग टाइम्स", म्हणजे आम्हाला जाळलं तो काळ, असं काही विक्कन म्हणतात. नव्वद लाख बायका जाळल्या असा आकडाही फिरतो. तो चुकीचा आहे. युरोपभर मिळून चाळीस ते साठ हजार माणसांना मृत्युदंड झाला असावा असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. इंग्लंडात त्यांना जाळत नसत, फाशी देत. आणि ती माणसं विक्कन नव्हती. ती गावातली साधी ख्रिस्ती माणसं होती, शेजाऱ्यांनी आळ घेतलेली. त्यांच्या मरणाला आपलं म्हणू नका. ज्यांचं दुःख आहे त्यांच्याकडेच ते राहू दे.

आजी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट काढायची, तिलाही "आपला देशी विक्का" म्हणू नका. ते आजीचं आहे, त्याला त्याचं नाव आहे.

घरी आणि कागदावर

आईला काय सांगायचं? करता ते सांगा, नाव नंतर. मी आईला सांगितलं, "पौर्णिमेला मी चंद्राची पूजा करते, ऋतू बदलतात तेव्हा सण करते, देवीला मानते." तिने विचारलं, "उपास असतो का?" नसतो म्हटलं. विक्का हा शब्द तिने पुढे स्वतःच कुठेतरी वाचला आणि मला विचारला, तोवर तिची भीती निघून गेली होती. उलट क्रमाने सांगितलं असतं तर तिने आधी मामाला फोन केला असता.

कागदावर मात्र नाव आधी आणि तेच नेहमी. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे आणि "इतर" पुढे मोकळी चौकट असते. २०११ च्या वेळी इथल्या पेगनांनी मोहीम चालवली होती: आधी "पेगन" लिहा, मग छोटी रेघ, मग तुमची वाट. म्हणजे मोजणी विखुरणार नाही. त्या वर्षी ५६,६२० जणांनी पेगन लिहिलं आणि ११,७६६ जणांनी विक्का. २०२१ मध्ये ते आकडे साधारण ७४ हजार आणि १३ हजार झाले. इस्पितळाच्या फॉर्मवर मी "पेगन – विक्का" असंच लिहिते. तिथे कव्हनचं नाव किंवा दीक्षेचा दर्जा कुणाला लागत नाही.

कागदावरच्या नावाचं वजन अमेरिकेत दिसलं. १९८६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने एका कैद्याच्या खटल्यात विक्का हा धर्म आहे हे मान्य केलं. तरी मेलेल्या सैनिकांच्या थडग्यावर पेंटॅकल कोरायची परवानगी मिळायला २००७ उजाडलं, तेही दावा लावल्यावर. वर्तुळातली पाच टोकांची चांदणी म्हणजे पेंटॅकल. तोवर क्रूस चालत होता, ही चांदणी चालत नव्हती.

हँडफास्टिंग, म्हणजे दोघांचे हात दोरीने बांधून केलेला विधी, याला भारतात नुसतं "लग्न" म्हणून सांगू नका. त्याला कायद्याचा आधार नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा, मग खुशाल लग्न म्हणा.

पूजेतले शब्द

इथे खरं काम आहे, आणि इथेच मन रमतं.

डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) हे नाव लक्षात ठेवा. १९५३ मध्ये गार्डनरने त्यांना दीक्षा दिली. त्याच्या विधींची वही वाचताना त्यांच्या लक्षात आलं की यातला बराच मजकूर अॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याचा आहे. क्रोलीचं नाव तेव्हा इतकं बदनाम होतं की ते शब्द ठेवले तर लोक पाठ फिरवतील. त्यांनी हे गार्डनरला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, तुला याहून चांगलं जमत असेल तर कर. त्यांनी केलं. विधीत देवी पुजारिणीच्या तोंडून भक्तांशी बोलते, तो भाग त्यांनी आधी पद्यात लिहिला. ते पाठ करून म्हणताना अडखळायला होतं अशी तक्रार आली, म्हणून पुन्हा गद्यात लिहिला. आज जगभर म्हटला जातो तो बहुतेक तो गद्य पाठ. आपण यातून घ्यायचं ते असं, की शब्द कुठून आला ते शोधलं, ऐकणाऱ्याला त्याने काय होईल ते पाहिलं, आणि शेवटी तो उभ्याने, मेणबत्तीच्या उजेडात, तोंडाने म्हणता येतो का ते तपासलं.

१९५७ मध्ये गार्डनरने अचानक विक्काचे "जुने कायदे" बाहेर काढले. भाषा मुद्दाम पुरातन, आणि त्यात वय झालेल्या पुजारिणीने तरुण स्त्रीला जागा द्यावी असं एक कलम. व्हॅलिएंटे यांना त्यावर विश्वास बसला नाही. हे आजवर कुणी पाहिलं कसं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आणि आणखी काहीजण बाहेर पडले. शब्द जुना दिसतो म्हणून मजकूर जुना होत नाही. आपल्याकडे याचं रूप म्हणजे विक्कातल्या ओळीचं मोडकं संस्कृत करून म्हणणं. करू नका. घरात ज्या भाषेत रडता-हसता त्याच भाषेत देवीशी बोला.

दिशांचं आवाहन घ्या. बहुतेक विक्कनांत पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. मराठी माणूस इथे दोनदा अडतो. वास्तूच्या हिशेबात अग्नी आग्नेयेला, वारा वायव्येला. आणि दक्षिण ही यमाची दिशा, दिव्याची वात तिकडे करू नये असं लहानपणापासून ऐकलेलं. इंग्लंडात सूर्य दुपारी दक्षिणेलाच असतो, ऊब तिकडूनच येते, म्हणून तिथे अग्नी. कुठला नकाशा घ्यायचा ते बसण्याआधी ठरवा आणि मग तोच धरा. विधीच्या मध्येच दोन्ही एकत्र करू नका. कोकणात राहणाऱ्याला पश्चिमेला पाणी म्हणताना तरी काही अडचण नाही, समुद्र तिकडेच आहे.

आता शब्द. नवीन माणूस बहुधा असं लिहितो: "हे पूर्व दिशेच्या वायुतत्त्वाच्या अधिपती, मी आपणांस या पवित्र वर्तुळात उपस्थित राहण्याचे आवाहन करते." मोठ्याने म्हणून बघा. ग्रामपंचायतीच्या निमंत्रणपत्रिकेची भाषा आहे ही, दम लागतो. मी म्हणते:

"पूर्वेच्या वाऱ्या, ये. पहाटेचा गारवा घेऊन ये. आमच्यापाशी थांब, राखण कर."

क्रियापद आधी आणि लवकर. वाऱ्याला "अहो-जाहो" की "अरे-तुरे"? आपण विठोबाला, देवीला एकेरीच हाक मारतो, म्हणून मी एकेरी घेते. निरोप देताना इंग्रजीत "जायचं असेल तर जा, राहायचं असेल तर राहा" अशा अर्थाचं म्हणतात. मराठीत पाहुण्याला "जा" म्हणत नाहीत. गणपतीच्या उत्तरपूजेतही "पुनरागमनाय च" असतं. म्हणून माझा निरोप: "पूर्वेच्या वाऱ्या, आलास, बरं वाटलं. ये पुन्हा." एवढंच. वर्तुळ फिरताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला इंग्रजीत एक स्कॉटिश शब्द आहे, "जेशल" असा काहीसा म्हणतात. आपली प्रदक्षिणा त्याच दिशेची, तोच शब्द घ्या.

प्रार्थनेच्या शेवटी "सो मोट इट बी" म्हणतात. हे फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुमंडळाकडून आलं. पुष्कळजण त्याचं "तथास्तु" करतात. तथास्तु देणारा म्हणतो, मागणारा नाही. भक्ताने म्हणायचं ते "असंच होवो".

"स्कायक्लॅड" या शब्दाबद्दल हमखास विचारणा होते. विवस्त्र होऊन विधी करण्याला गार्डनरने हा शब्द वापरला. त्याची बरीच वर्षं सिलोन-मलायात गेली होती आणि तो शब्द उघडच "दिगंबर" वरून बेतलेला दिसतो. तरी मराठीत तो परत दिगंबर करू नका. आपल्या कानात दिगंबर म्हटलं की जैन मुनी येतात, नृसिंहवाडीला दत्ताच्या पालखीमागे म्हटलेलं "दिगंबरा दिगंबरा" येतं. तो शब्द त्यांचा. आपण "वस्त्राविना" म्हणावं. आणि हे पक्कं धरा: सगळी कव्हनं असं करत नाहीत, बरीच झगे घालतात. जाण्याआधी विचारा. कुणी हा शब्द पुढे करून तुमच्यावर दबाव आणत असेल तर तिथून निघा, कारण सांगत बसू नका.

विधींच्या वहीला "बुक ऑफ शॅडोज" म्हणतात. हे नावही भारताकडूनच आलं असावं, असं व्हॅलिएंटे यांचं मत होतं. सावली मोजून भविष्य सांगणाऱ्या एका संस्कृत ग्रंथावरचा लेख १९४९ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात आला होता, आणि त्याच अंकात गार्डनरच्या कादंबरीची जाहिरात होती. मी मराठीत नुसतं "माझी वही" म्हणते.

मंत्राचं वाक्य

विक्कातलं सगळ्यांत प्रसिद्ध वचन व्हॅलिएंटे यांनीच १९६४ मध्ये एका भाषणात जाहीरपणे म्हटलं: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. त्याला "रीड" म्हणतात, अर्थ सल्ला. मराठीत त्याचं "नियम" किंवा "आज्ञा" करू नका, वजनच बदलतं. "जे करू ते तिप्पट परत येतं" असंही विक्कनांत म्हणतात. त्याला "कर्म" म्हणू नका. आपल्या कर्मात जन्मांचा हिशेब आहे, तिपटीचा नाही.

मंत्राचं वाक्य लिहिताना काय नको ते लिहू नका, काय हवं ते लिहा. "आजार जावो" म्हटलं की तोंडात आजारच येतो. "माझ्या अंगात बळ येवो" म्हणा. मराठीत "येवो, होवो, मिळो" ही रूपं आहेत, ती मंत्रासाठीच केल्यासारखी आहेत, मोकळेपणाने वापरा. दुसऱ्याचं नाव घालायचं तर त्याला आधी विचारा. "त्याने माझ्यावर प्रेम करावं" हे वाक्य लिहूच नका. त्याला आपल्याकडे वशीकरण म्हणतात आणि ते रीडमध्ये बसत नाही. "मला जीव लावणारं माणूस भेटो" हे बसतं. मी दिवसभर औषधं मोजते, म्हणून हेही सांगते: बरं होण्याचा मंत्र गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि "मी मंत्राने बरं करते" असं महाराष्ट्रात कुणाला सांगून पैसे घेतलेत, तर ती कायद्याची भानगड आहे आणि रास्त आहे.

सणांच्या नावांचं फार मनावर घेऊ नका. साविन (लिहितात सामहेन), यूल, इम्बोल्क, बेल्टेन ही जुनी. ओस्टारा, लिथा, मेबन ही नावं आयडन केली या अमेरिकन विक्कनाने सत्तरच्या दशकात लावली. ज्यांना ती कृत्रिम वाटतात ते मेबनला सरळ "शरद संपात" म्हणतात. तुम्हीही म्हणा. वसंत संपात, शरद संपात, अयनदिन हे शब्द आपल्या पंचांगाला माहीत आहेत.

कव्हनला पहिलं पत्र

शिकायचं ठरलं आणि एखादं कव्हन सापडलं, की पहिलं पत्र चार-सहा ओळींचं लिहा. वय अठराच्या वर असल्याचं सांगा. काय वाचलंत ते लिहा. एकट्याने काय करता ते साध्या शब्दांत: "पौर्णिमेला खिडकीत बसून प्रार्थना करते, सण पाळते." हे लिहिलंत की समोरच्याला सगळं कळतं. "मी जन्मजात विच आहे", "माझ्या आजीकडून शक्ती आली", "मला उच्च दीक्षा हवी" यातलं काही नको. दीक्षेचे तीन दर्जे असतात. ते मागून मिळत नाहीत, शिकवणारी पुजारिणी ठरवते. शपथेखालच्या मजकुराबद्दल विचारू नका, कुणी सांगणारही नाही. सभासदांची खरी नावं विचारू नका, आणि कधी कळली तर कुठेही बोलू नका. एखाद्याच्या नोकरीच्या ठिकाणी अजून कुणाला माहीत नसतं.

समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणवते तेच तिला म्हणा. ती विक्काला "क्राफ्ट" म्हणत असेल तर तुम्हीही क्राफ्ट म्हणा. ती "मी विक्कन नाही, विच आहे" म्हणाली तर तिला दुरुस्त करायला जाऊ नका. पहिली भेट बाहेर, उघड्यावर, कॅफेत घ्या. इंग्लंडात पबमध्ये महिन्यातून एकदा पेगन जमतात, त्याला मूट म्हणतात, तिथे जाऊन बसलात तरी चालेल. उत्तर यायला महिना-दोन महिने लागतात. तोवर दुसरं पत्र पाठवू नका.